ओकीचोबीच्या काठी आरव्हीत एक महिना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीत जानेवारी लागला की दारासमोरचा बर्फ उपसता उपसता कंबर धरते. पंचावन्नी ओलांडल्यावर आम्ही दोघांनी त्यावर एक उपाय शोधला. गेले चार हिवाळे आम्ही एकेक महिना फ्लोरिडात, ओकीचोबी तलावाच्या उत्तर बाजूला, आरव्हीत, म्हणजे चाकांवरच्या घरासारख्या गाडीत, राहून काढतो. अशा गाड्या लावून राहायचं आमचं रिसॉर्ट पंचावन्न वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि जागा पाण्याला लागून आहे. दिवाळी झाली की ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात: आम्हालाही जायचंय, पण सुरुवात कुठून करायची?

माझा अनुभव असा की महिना सुखात जाणार की वैतागात, हे दोनच वेळा ठरतं. एकदा बुकिंगच्या फोनवर आणि एकदा तिथे पोचल्यानंतरच्या पहिल्या तासात. म्हणून त्या दोन्हींवर मी इथे जास्त लिहिलं आहे.

आधी ‘फक्त प्रौढांसाठी’चा अर्थ विचारा

हे दोन शब्द तीन वेगवेगळ्या ठिकाणांवर लिहिलेले असतात. काही रिसॉर्ट १८ किंवा २१ वर्षांखालच्यांना मुक्काम देत नाहीत, एवढाच त्यांचा अर्थ. काही पंचावन्नच्या पुढच्यांसाठी असतात. आणि फ्लोरिडात, विशेषतः टॅम्पाच्या उत्तरेला पास्को काउंटीत, विवस्त्र राहण्याची मुभा असलेली रिसॉर्टही आहेत. तेव्हा नियमांचं पान पूर्ण वाचल्याशिवाय कार्डाचा नंबर देऊ नका. सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार असाल तर दोनदा वाचा.

पंचावन्नच्या अटीमागे कायदा आहे. अमेरिकेत घर देताना भेदभाव करू नये हा कायदा १९६८चा. १९८८मध्ये त्यात लहान मुलं असलेल्या कुटुंबांना संरक्षण मिळालं, पण ज्येष्ठांच्या वसाहतींना सूट ठेवली गेली. १९९५च्या दुरुस्तीने ती सूट सुटसुटीत झाली: वापरात असलेल्या घरांपैकी किमान ८० टक्के घरांत निदान एक माणूस पंचावन्न किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे नवरा सत्तावन्नचा आणि बायको बावन्नची असेल तर सहसा काही अडत नाही. तीस वर्षांचा मुलगा महिनाभर सोबत राहणार असेल तर मात्र परवानगी रिसॉर्टच्या मर्जीवर असते, आणि ती आधी लेखी घ्यावी. नातवंडं भेटायला येणार असतील तर तीन गोष्टी विचारा: दिवसभरासाठी येऊ शकतात का, रात्री राहू शकतात का आणि किती रात्री, आणि तलावात (पोहण्याच्या, आपल्या मोठ्या नव्हे) मुलांना कोणत्या वेळेत उतरू देतात. पोचल्यावर वयाचा पुरावा मागतात. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट हाताशी ठेवा.

‘वॉटरफ्रंट’ म्हणजे कुठलं पाणी?

इथे नवखे हमखास फसतात. आम्हीही पहिल्या वर्षी खिडकीतून अथांग तलाव दिसेल अशा कल्पनेने गेलो. ओकीचोबी हे नाव हिचिटी भाषेतलं, अर्थ ‘मोठं पाणी’. क्षेत्रफळ सुमारे ७३० चौरस मैल, खोली मात्र सरासरी जेमतेम नऊ फूट. पण रस्त्याने कितीही हिंडा, तलाव दिसत नाही. सप्टेंबर १९२८च्या चक्रीवादळात या उथळ पाण्याने काठ फोडला आणि किमान अडीच हजार माणसं बुडाली. त्यात शेतावर राबणारे काळे मजूर फार मोठ्या संख्येने होते. त्यानंतर तलावाभोवती मातीचा उंच बांध घातला गेला. हर्बर्ट हूव्हर डाइक असं त्याचं नाव, लांबी १४३ मैल. त्याच्या मजबुतीकरणाचं मोठं काम २०२३मध्ये पुरं झालं.

त्यामुळे इथली ‘वॉटरफ्रंट’ जागा बहुतेक वेळा कालव्यावरची किंवा खाडीसारख्या ओढ्यावरची असते. ती वाईट मुळीच नसते. कालव्याचं पाणी संथ, गाडीपासून चार पावलांवर धक्का, पहाटे धुकं. फक्त आपण काय घेतोय ते माहीत हवं. फोनवर हे विचारा: माझ्या साइटला (गाडी लावायच्या जागेला) पाणी लागून आहे की रस्ता ओलांडून? समोरचं पाणी कालवा, ओढा की तलाव? बोट बांधायची जागा भाड्यात येते का? तलावात जायला लॉक (पाण्याची पातळी वर-खाली करणारं दार) ओलांडावं लागतं का? आणि गाडी तोंडाने आत घालायची की मागे घेत लावायची?

हा शेवटचा प्रश्न पाण्याकाठी फार महत्त्वाचा. काही जागा अशा आखलेल्या असतात की मोटरहोमची (स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीची) पुढची मोठी काच पाण्याकडे येते. तिथे वीज-पाण्याच्या जोडण्याही त्या हिशेबाने बसवलेल्या असतात. मागे ओढायचा ट्रेलर तिथे नीट बसत नाही, नळी आणि वायर नको त्या बाजूला येतात. आपल्याकडे कोणती गाडी, किती फुटांची, बाजूला सरकून वाढणाऱ्या खोल्या किती, हे सगळं सांगूनच साइट नंबर ठरवा.

भाडं दिवसाचं, आठवड्याचं आणि महिन्याचं वेगवेगळं असतं, आणि महिन्याच्या दरात दिवस बरेच स्वस्त पडतात. पण महिन्याच्या भाड्यात बहुधा वीज धरलेली नसते, मीटरप्रमाणे वेगळी भरावी लागते. हेही विचारून घ्या. जानेवारी ते मार्च सगळ्यात गर्दी. पाण्याकाठच्या जागा वर्षभर आधी जातात. दहा वर्षांहून जुनी गाडी असेल तर बरीच रिसॉर्ट आधी फोटो मागतात.

गाडी: विकत घ्यायची घाई नको

पहिल्या वर्षी विकत घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. बऱ्याच रिसॉर्टमध्ये ‘पार्क मॉडेल’ भाड्याने मिळतं. चारशे चौरस फुटांपर्यंतचं, चाकांवरचं पण एकाच जागी ठेवलेलं छोटं घर. एक पंधरवडा त्यात राहून पाहा. ही वस्ती, ही शांतता, हे शेजारी आपल्याला मानवतात का ते कळेल, आणि गाडी चालवायची धास्तीही नाही.

त्यानंतर भाड्याची मोटरहोम. क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, २५ फुटांच्या आसपासची, दोघांना पुष्कळ होते आणि चालवायलाही सोपी. आउटडोअर्सी आणि आरव्हीशेअर या साइटवर लोक स्वतःच्या गाड्या भाड्याने देतात. क्रूझ अमेरिकाच्या गाड्या मोठ्या शहरांतून मिळतात. न्यू जर्सीहून अकराशे मैल चालवत नेण्यापेक्षा ओरलँडोपर्यंत विमानाने जा आणि तिथून गाडी घ्या. भाड्याच्या गाडीला मैलांचे पैसे वेगळे पडतात, म्हणून हे स्वस्तही पडतं. ताब्यात घेताना मालकाकडून प्रत्येक बटण दाखवून घ्या आणि सगळं फोनवर चित्रित करा. रात्री आठ वाजता पाण्याचा पंप का बंद पडला हे शोधताना तो व्हिडिओ देवासारखा धावून येतो.

रस्ता

गाडीची उंची फूट-इंचांत एका कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. क्लास सीची उंची अकरा-बारा फुटांच्या घरात असते. नॉर्थ कॅरोलायनात डरॅमला एक रेल्वेपूल आहे, पूर्वी ११ फूट ८ इंच उंचीचा. २०१९मध्ये तो आठ इंच उचलला, तरी गाड्यांची छपरं सोलली जायची थांबली नाहीत. नेहमीच्या नकाशाच्या ॲपला आपली उंची कळत नाही, आरव्हीसाठीचं ॲप किंवा जीपीएस वापरा.

ईशान्येकडून स्वतःची गाडी घेऊन उतरणाऱ्यांनी बॉल्टिमोर लक्षात ठेवा. तिथल्या बंदराखालच्या दोन्ही बोगद्यांत प्रोपेनच्या मोठ्या टाक्या नेऊ देत नाहीत, आणि बहुतेक आरव्हींत स्वयंपाकाचा हा गॅस असतो. पूर्वी फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून वळसा घालता यायचा. २६ मार्च २०२४ला जहाज धडकून तो पूल पडला. आता ६९५ नंबरच्या हायवेने शहराच्या पश्चिमेकडून जावं.

दिवसाला तीनशे मैलांपेक्षा जास्त नको, आणि दुपारी तीनपर्यंत मुक्कामाला पोचायचं. आरव्हीवाल्यांचा हा जुना नेम आहे आणि तो खरा आहे. ९५ नंबरच्या हायवेने आलात तर फोर्ट पिअर्सला उतरा, ७० नंबरचा रस्ता सरळ पश्चिमेला ओकीचोबी गावात नेतो. दोन्हीकडे गायरानं आणि पाम. ओरलँडोहून येत असाल तर भारतीय किराणा तिथूनच भरून घ्या. ओकीचोबी लहान गाव आहे, तिथे पब्लिक्स या सुपरमार्केटमध्ये भाज्या छान मिळतात, पण कढीपत्ता आणि पोहे शोधू नका.

पहिला तास

उजेडात पोचा. ऑफिसात नाव सांगा, नकाशा घ्या, आणि कोणी सोबत येऊन गाडी लावून देतो म्हणाला तर संकोच न करता हो म्हणा. मागे घेताना एकाने मागच्या डाव्या कोपऱ्याला उभं राहायचं, ड्रायव्हरच्या आरशात आपण दिसू अशा ठिकाणी. नवरा-बायकोची जितकी भांडणं इथे होतात तितकी महिनाभरात होत नाहीत. आम्ही खिडकीतून ओरडणं बंद केलं आणि फोनवर बोलायला लागलो, तेव्हा ती थांबली.

गाडी लावल्यावर क्रम मोडू नका.

१. चाकांना अडण्या लावा आणि गाडी सपाट करा. फ्रिज गॅसवरही चालणारा असेल तर तो वाकड्या गाडीत नीट चालत नाही, बिघडूही शकतो. बुडबुड्याची पातळीपट्टी दोन डॉलरला मिळते.

२. वीज. साइटवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा, मग सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या दोषापासून गाडी वाचवणारं यंत्र), मग गाडीची वायर, आणि शेवटी ब्रेकर चालू. प्रोटेक्टर काही दोष दाखवत असेल तर तिथेच थांबून ऑफिसला कळवा. आमच्या पहिल्या वर्षी खांबात दोष होता आणि प्रोटेक्टरमुळेच गाडीतला एसी वाचला.

३. पाणी. नळाला आधी दाब कमी करणारा रेग्युलेटर, मग फिल्टर, मग पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी. रेग्युलेटर गाडीच्या टोकाला लावू नका, नळी तशीच फुटते. दाब ४० ते ६० पीएसआय पुरे.

४. बाजूच्या खोल्या सरकवण्याआधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. झाडाची फांदी, खांब, टेबल, सगळं बघा.

५. सांडपाणी. हे सगळ्यांना नको वाटतं, पण समजून घेतलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

गाडीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. संडासाची ब्लॅक आणि अंघोळ-भांड्यांची ग्रे. नळी जोडून दोन्ही झडपा उघड्या टाकायच्या ही नवख्यांची चूक. ब्लॅकची झडप उघडी राहिली की पाणी वाहून जातं, घट्ट तेवढं तळाशी साचतं आणि दगड होतं. ब्लॅक दोन-तृतीयांश भरेपर्यंत बंदच ठेवा. सोडताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. रबरी हातमोजे, आरव्हीचा विरघळणारा कागद, आणि दर वेळी रिकामी झाल्यावर टाकीत थोडं पाणी व टाकीसाठीचं औषध. आपली संडासात पाणी वापरायची सवय इथे चांगलीच कामाची ठरते, घट्ट साचत नाही. टाकी मात्र लवकर भरते. क्लास सीमध्ये ती बहुधा तीस-चाळीस गॅलनची असते, आम्हा दोघांना तीन-चार दिवसांनी सोडावी लागते.

हे सगळं झाल्यावरच चहा टाका.

वीज आणि फोडणी

खांबावर ३० अँपिअरची जोडणी असेल तर १२० व्होल्टवर एकूण ३६०० वॉट मिळतात. छतावरचा एसी साधारण १५०० खातो, विजेवरचा गीझर १४४०. झालं, उरले साडेसहाशे. त्यावर इन्स्टंट पॉट (विजेवरचा कुकर) लावला की ब्रेकर पडतो. तेव्हा गीझर गॅसवर ठेवा, किंवा स्वयंपाकाच्या वेळी एसी बंद. ५० अँपिअरच्या जोडणीत दोन तारांवर मिळून १२,००० वॉट असतात, तिथे ही कसरत नाही. शक्य असेल तर तीच साइट मागा, पण गाडीही ५०ची असायला हवी. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालणार नाही. ओलं खोबरं-मिरची घरीच वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून आणते मी.

गाडीत मोहरी-हिंगाची फोडणी दिली की धुराचा अलार्म ओरडतो. अलार्मची बॅटरी काढू नका, फोडणी बाहेर द्या. अंगणातल्या टेबलावर एका बर्नरची गॅसशेगडी ठेवली की भजी, मासे, फोडण्या सगळं बाहेर होतं. कुकर आतल्या शेगडीवर व्यवस्थित चालतो. ताटं-कढया धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. तेल आणि डाळ ग्रे टाकीत गेली की चौथ्या दिवशी सिंकमधून वास येतो, आणि तो जाता जात नाही.

शेजार

अशा वस्तीत सगळे जण दिवसभर घरी असतात आणि वेळ सगळ्यांकडे असतो. मला तर लहानपणीच्या वाड्याची आठवण येते. सकाळी कुत्रं फिरवताना सगळे हात करतात, आपणही करायचा. कुणाच्या साइटमधून आरपार चालत जायचं नाही, मग ती रिकामी दिसो. ते त्यांचं अंगण आहे. रात्री दहानंतर आवाज नाही. बाहेरचे दिवे शेजाऱ्याच्या खिडकीत पडत नाहीत ना, बघा.

क्लबहाउसमध्ये पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) असतो तेव्हा जा, पहिल्याच आठवड्यात जा. मी बटाटेवडे नेते. साबुदाणा वडे नेलेत तर त्यात शेंगदाणे आहेत अशी चिठ्ठी ताटलीपाशी ठेवा, शेंगदाण्याची ॲलर्जी इथे जीवावर बेतू शकते. ओहायो, मिशिगन, ओन्टारिओहून वीस-वीस वर्षं येणारी जोडपी तिथे भेटतात. एका विधुर आजोबांनी माझ्या नवऱ्याला गळ बांधायला शिकवलं. गाडीचा कुठलाही बिघाड यांना आधी सांगा, मेकॅनिकला नंतर.

पाण्याकाठी

मगरी आहेत. प्रत्येक कालव्यात आहेत असं धरून चालायचं. इथल्या अमेरिकन ॲलिगेटर जातीच्या, सहसा माणसाला टाळणाऱ्या. पण संध्याकाळ ते पहाट त्या शिकारीवर असतात, तेव्हा काठावर पाय सोडून बसू नका, कालव्यात पोहू नका, कुत्र्याला पाण्यापाशी नेऊ नका. त्यांना खायला घालणं फ्लोरिडात गुन्हा आहे. खाऊ मिळालेली मगर माणसाला भीत नाही आणि शेवटी तिलाच मारावं लागतं. मासे साफ केल्यावर त्यांची आतडी धक्क्यावरून पाण्यात टाकू नका, तेही खायला घालणंच.

ओकीचोबी बास आणि स्पेकल्ड पर्चसाठी प्रसिद्ध. गळ टाकायचा तर गोड्या पाण्याचं लायसन्स हवं. बाहेरच्या राज्यातल्यांना तीन दिवसांचं १७ डॉलर, सात दिवसांचं ३०, वर्षाचं ४७. महिनाभर राहणार असाल तर वर्षाचंच घ्या. रिसॉर्टच्या धक्क्यावर बसलात तरी ते लागतंच.

मासे नको असतील तर बांधावर चला. त्याच्या माथ्यावरून तलावाभोवती सुमारे ११० मैलांची पायवाट आहे, गुडघ्यांना झेपेल अशी सपाट. पहिल्या दिवशी चढ चढून वर पोचलो आणि तो इतके दिवस लपलेला तलाव एकदम समोर आला, तेव्हा नवरा बराच वेळ बोललाच नाही. हिवाळ्यात पांढरे पेलिकन असतात. नशीब असेल तर गोगलगायींवर जगणारी स्नेल काइट ही घार दिसते. टोपी, पाणी, आणि सूर्य उगवायच्या आत निघणं.

वादळ

चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणून हिवाळ्यात निर्धास्त, असं लोक समजतात. २ फेब्रुवारी २००७ला भल्या पहाटे मध्य फ्लोरिडात टोर्नेडो आले आणि २१ माणसं गेली, बरीचशी अशाच हलक्या घरांतली. आरव्ही हा आसरा नव्हे. पोचल्या दिवशी ऑफिसात विचारा की पक्क्या भिंतींची इमारत कुठली आणि रात्री तिचं दार उघडं असतं का. फोनवरचे धोक्याचे इशारे झोपताना बंद करू नका. हवामान खात्याचा बॅटरीवर चालणारा रेडिओ उशाशी असावा. चपला, चष्मा, औषधं, पासपोर्ट एका पिशवीत दाराशी.

९११ला फोन करताना गावाच्या पत्त्याबरोबर साइट नंबर सांगावा लागतो. तो मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावा. भारतातून आलेले आई-बाबा सोबत असतील तर त्यांच्या प्रवासी विम्याचा कागदही तिथेच, आणि त्यांना साइट नंबर पाठ करायला लावा.

निघताना

टाक्या रिकाम्या, झडपा बंद, प्रोपेन बंद, ॲन्टेना खाली, खोल्या आत, ब्रेकर पाडून मग वायर. दोघांनी दोन उलट्या दिशांनी गाडीभोवती एकेक फेरी. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. आमची पायरी एकदा बाहेरच राहिली होती, शेजारच्या आजींनी धावत येऊन काच वाजवली.

आणि जागा आवडली असेल तर हे निघायच्या दिवशी करू नका, आदल्या आठवड्यातच ऑफिसात जा. बहुतेक ठिकाणी आत्ता राहणाऱ्यांना पुढच्या वर्षासाठी पहिला हक्क देतात. साइट नंबर, तारखा आणि किती अनामत भरली ते लेखी घ्या.